उतरायचे कोणाकडे?

गेल्या काही वर्षांत आमच्या आसपास एक नवी चाल रूढ होऊ लागली आहे, आणि तिच्याविषयी अध्यापकांच्या खोलीत बरीच नाराजीही ऐकू येते. पुणे, बंगळूर, न्यू जर्सी येथे पांगलेली मुले आईवडिलांना अमरावती-अकोल्याच्या घरी येऊन भेटण्याऐवजी एखादा बंगला तीन-चार दिवसांसाठी भाड्याने घेतात आणि सारे कुटुंब तेथे जमते. ज्याची जशी ऐपत. कोणाचा बंगला चिखलदऱ्याला, कोणाचा अलिबागला, कोणाचा गोव्याला. अमेरिकेतल्या मुलाने आईवडिलांना कॅरिबियन बेटावरच्या व्हिलात आठवडाभर नेऊन आणले, हेही आता आमच्या रुक्मिणीनगरात नवल राहिलेले नाही. स्वतःचे घर उभे असताना भाड्याच्या छपराखाली कुटुंब जमवणे हे कुटुंबसंस्थेच्या ऱ्हासाचे लक्षण होय, असे नावे ठेवणाऱ्यांचे म्हणणे. आम्हांला ते मान्य नाही. का मान्य नाही, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे.

प्रथम ज्या जुन्या चालीच्या नावाने उसासे टाकले जातात तिच्याकडे पाहू. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाचे आजोळ अकोटजवळच्या खेड्यात, दुसरीचे अचलपूरला. परीक्षा संपल्या की आम्ही आपापल्या आजोळी रवाना होत असू. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला (ती आता धावत नाही) इतकी सावकाश चाले की पोहोचण्यापूर्वीच सुट्टी सुरू झाल्यासारखी वाटे. पारा पंचेचाळिसाच्या पुढे. दिवसभर माजघरातला अंधार, रात्री अंगणात पाणी शिंपडून ओळीने टाकलेल्या बाजा, पंचवीस माणसांची पंगत, आमरस, सरगुंडे, कुरड्या. हे सारे खरे होते आणि सुखाचे होते. पण सरगुंडे वळत कोण होते? मामी वळत होती. मे महिन्यात तिला माहेरी जाता येत नसे, कारण तिच्या नणंदा माहेरी आलेल्या असत. एकीच्या माहेरपणाचा खर्च दुसरीच्या माहेरपणातून भागवला जाई. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, एवढीच काय ती तिला सवलत. नणंदा लवकर परतल्या तर शाळेआधीचे चार दिवस तिच्या वाट्याला येत. हा हिशेब आमच्या लहानपणी कोणी मांडला नाही, आणि मांडला असता तरी आमरसाच्या वाटीपुढे तो आमच्या कानी पोचला नसता.

आमच्या वाङ्मयानेही तो फारसा मांडलेला नाही. जात्यावरच्या ओव्यांत माहेरवाशिणीला जेवढी जागा आहे, तेवढी तिच्यासाठी रांधणाऱ्या भावजयीला नाही. भावजय येते ती बहुतेक वेळा आखडत्या हाताची, तिरप्या बोलाची म्हणून. तिची बाजू ऐकायची तर तिच्याच माहेरच्या ओव्या ऐकाव्या लागतात, आणि तेथे पुन्हा दुसरी भावजय गुन्हेगार ठरलेली असते. आमच्या प्रदेशातल्या घराविषयी लिहिलेले सर्वांत निर्दय नाटक म्हणजे महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’. ते १९८५ साली रंगभूमीवर आले. तात्याजींच्या तेराव्यासाठी मुंबईहून आलेले सुधीर आणि अंजली त्या वाड्यात पाहुणे आहेत आणि वाटेकरीही आहेत. पाहुण्याला हिशेब विचारता येत नाही आणि वाटेकऱ्याला तो विचारल्याशिवाय राहवत नाही. या पेचात घरातले प्रत्येक वाक्य दुहेरी होत जाते. तो पेच केवळ पडक्या वाड्यांचा नाही. अकोल्यातल्या तीन खोल्यांच्या नीटनेटक्या घरातही, मुले चाळिशीला आली की, तो दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी डोके वर काढतो.

गेल्या मे महिन्यात आमच्या कुटुंबानेही हा नवा प्रयोग केला, म्हणून हे लिहिण्याचा थोडाफार अधिकार आम्हांला आहे. आमच्यापैकी एकाचे आईवडील, दोघेही सत्तरीपलीकडचे. पुण्याचा भाऊ आणि त्याचे कुटुंब. नाशिकची बहीण, तिचे यजमान. आणि विशीतली आमची मुले. चिखलदऱ्याला तीन रात्रींसाठी बंगला घेतला. ‘मोठी मुले’ या शब्दात आमच्यासारखे पांढऱ्या केसांचे लोकही येतात, हे तेथे गेल्यावर ध्यानात आले. बंगला ठरल्याचे सांगितले तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, ‘पन उतराचं कोनाकडं?’ त्यांच्या आयुष्यात प्रवास म्हणजे कोणाकडे तरी जाणे. पंढरपूरला गेले तरी बडवा ठरलेला, नागपूरला गेले तर आतेभाऊ. कोणाकडेच न उतरता चार दिवस राहायचे, ही कल्पना त्यांना निराधार वाटली, आणि ‘निराधार’ हा शब्द आम्ही येथे अगदी त्याच्या मूळ अर्थाने वापरतो आहोत.

तरी चिखलदरा मुळात अशाच न-उतरणाऱ्यांनी वसवलेले गाव. १८५३ नंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि उन्हाळ्यात साहेब लोक अकराशे मीटरच्या आसपास उंचीच्या या पठारावर येऊन राहू लागले. येथली कॉफीची लागवडही त्यांचीच. जवळचा गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेने घेतला होता. आपण मात्र कीचकाची कथा सांगत येथे आलो. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती कीचकदरा, तिचा चिखलदरा झाला. हा व्युत्पत्तिविचार भाषाशास्त्राला किती मानवेल हा प्रश्न वेगळा. परतवाडा सोडून धामणगाव गढीपासून घाट लागला की प्रत्येक गाडीत कोणी ना कोणी तो सांगतोच.

आता मुद्द्याकडे येतो. त्या बंगल्यात कोणीही यजमान नव्हते, आणि त्यामुळे जे घडले ते आम्ही आमच्या घरात पंचवीस वर्षांत पाहिले नव्हते. नणंद आणि भावजया एकाच पायरीवर बसल्या होत्या, आणि चहा कोणी टाकायचा हा प्रश्न हवेत नव्हता. (आमच्यातल्या एकीचे नाते येथे भावजयीचे असल्याने हे निरीक्षण ऐकीव नाही.) घरी बहीण येते तेव्हा ती आईच्या घरी येते, पण जेवते भावजयीच्या हातचे. दोघींनाही हे ठाऊक असते, म्हणून दोघी एकमेकींशी जरा जास्तच गोड बोलतात. चिखलदऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या प्रथमच भांडल्या, आईच्या औषधपाण्याचा भार कोणी किती उचलावा यावरून, उघड आणि समोरासमोर. आम्हांला ते भांडण फार मोलाचे वाटते. अकोल्याच्या घरी ते झाले असते तर बहिणीला ‘पाहुणी येऊन बोलते’ म्हणून आणि भावजयीला ‘घरच्या लेकीला बोलते’ म्हणून गप्प केले गेले असते. येथे दोघींपैकी कोणाचेच घर नव्हते.

आईची गोष्ट निराळी. पहिल्या सकाळी तिच्या हाती आयता कप आला तेव्हा ती हसली. दुसऱ्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली, आणि तिसऱ्या सकाळी आत जाऊन डाळ निवडू लागली. ‘तिला सवय नाही’ असे आम्ही म्हणालो. ते अपुरे आहे. पन्नास वर्षे ज्या कामाने थकवले त्याच कामाने घरात तिचा शब्द चालत होता. यजमानपण गेले की श्रम जातात तसा शब्दही जातो. बाबांचे तेच झाले, पैशाच्या बाबतीत. भाडे भावाने फोनवरूनच भरून टाकले होते. किती, हे बाबांनी दोनदा विचारले, आणि आम्ही दोनदा विषय बदलला. वडिलांना पाहुणे करताना त्यांना रक्कम कळू न देणे हा आमच्या पिढीने शोधलेला शिष्टाचार आहे, आणि तो आम्हांला मुळीच आवडलेला नाही. रक्कम सांगावी, आणि त्यांनी आपला वाटा पुढे केला तर तो घ्यावा.

मराठी प्रवासवर्णनांत आम्ही या कुटुंबाचा शोध घेतला. पु. लं.च्या ‘अपूर्वाई’पासून (१९६०) पुढे प्रवासी एकटा निघतो, जोडीने निघतो, नाहीतर यात्रा कंपनीच्या घोळक्यात निघतो. म्हातारे आईवडील आणि चाळिशीची मुले एका छपराखाली चार दिवस काय बोलतात, हे आमच्या वाचनात तरी आलेले नाही. पाहिलेले स्थळ हाच आपल्याकडे प्रवासवर्णनाचा विषय. बरोबर नेलेली माणसे फोटोत उभी राहण्यापुरती.

आमच्या म्हणण्याला एक मोठी खोच आहे, आणि टीकाकारांनी ती कशी काढली नाही याचे नवल वाटते. यजमान नाहीत म्हणजे श्रम नाहीत असे नव्हे. बंगल्याच्या चौकीदाराची बायको, कोरकू बाई, आमच्या अकरा माणसांचे रांधत होती. मामीचे काम तिच्याकडे गेले होते. मामीला रुसण्याचा हक्क होता, संक्रांतीला साडीचा हक्क होता आणि म्हातारपणी आमच्याकडून विचारपूस होण्याचा हक्क होता. या बाईला रोजचे ठरलेले पैसे होते, आणि ते आम्ही एका संध्याकाळी रबडीवर उडवलेल्या पैशांपेक्षा कमी होते. तेही तिने सांगितले आमच्या मुलीने विचारले म्हणून. आम्ही विचारले नव्हते. तिचा मुलगा आणि सून पुण्याकडे बांधकामावर आहेत. मेळघाटातली तरुण माणसे अशी कामामागे खाली उतरतात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत गावोगावी ढोल वाजतो, रस्त्यावर फगवा मागितला जातो, आणि पांगलेले घर पुन्हा भरते. ज्या पुण्यात तिचा मुलगा विटा वाहतो तेथेच आमचा भाऊ नोकरी करतो. दोघेही वर्षातून एकदा आईला भेटायला याच पठारावर येतात. तिचा मुलगा स्वतःच्या घरी येतो, एवढाच फरक.

बंगला चालवणाऱ्याने स्वयंपाकाच्या बाईची मजुरी भाड्यात गुडूप करू नये, ती निराळी सांगावी आणि पाहुण्यांनी ती तिच्या हातात द्यावी, अशी मागणी आम्ही भावामार्फत केली आहे. उत्तर यायचे आहे. दरम्यान होळीला जोडून सुट्टी मिळते म्हणून भावाने पुढच्या वर्षीसाठी त्याच आठवड्यात बंगला मागितला. बंगला मोकळा आहे, पण त्या दिवसांत स्वयंपाकाला कोणी असणार नाही, असे चौकीदाराने सांगितले. भाऊ म्हणतो, मग अलिबागला जाऊ. आमचे मत असे की चिखलदराच घ्यावा आणि स्वयंपाक आपण करावा. तो कोणी करावा, यावर अद्याप एकमत झालेले नाही.