पट बैलांचा, नियम कुणाचे?

पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात असली, तरी तिथे घरोघरी मराठी बोलली जाते आणि बैलांचे वेड शेजारच्या विदर्भासारखेच. शंकरपटाच्या शौकिनांचे वाद फॉर्म्युला वनवाल्यांसारखेच असतात: जोडीने किती सेकंद घेतले, धुरकरी कुणाकडे गेला, नियम का बदलले?

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या, पण अटी घालून. चाबूक, काठी, विजेचा झटका चालणार नाही. मग शर्यतीत राहिले काय, असे कुणी म्हणेल. फॉर्म्युला वनमध्ये २०१८ साली चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ ही कडी सक्तीची झाली, तेव्हाही शौकिनांनी नाके मुरडली होती. २०२० साली बहरीनमध्ये ग्रोजाँची गाडी पेटली आणि त्याच कडीने त्याला वाचवले.

महाराष्ट्राचा कायदा राज्याच्या सीमेवर संपतो. बैलाला मात्र मार दोन्हीकडे सारखाच लागतो. आणि नुसत्या बंदीने काय होते, हे आपण गोमंतकीय जाणतोच. न्यायालयाने १९९६ साली मनाई करूनही धिरयो लपूनछपून होतच राहिल्या. चालक तक्रार करू शकतो, बैल नाही. त्याच्या वतीने नियम मागायचे आणि पाळायचे, हे काम पटाच्या शौकिनांचेच आहे.