गाडी जुनी, नाव कुणाचे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एका मोटारसायकलचा जवळजवळ मालक झालो होतो. ‘जवळजवळ’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. आपल्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर (नाव अजून सायकल-स्टँडच, सायकली मात्र शोधाव्या लागतात) ज्या गाड्या उभ्या असतात, त्यांतल्या कित्येकांचे मालक असेच ‘जवळजवळ’ मालक आहेत. किल्ली त्यांची, पेट्रोल त्यांचे. पण नोंदणीपुस्तकात नाव कोल्हापूरच्या, फोंड्याच्या नाहीतर हुबळीच्या कुणा अनोळखी गृहस्थाचे. हे बरोबर नाही, असे माझे मत आहे. हे मत जन्मतः घेऊन आलो असे मात्र नाही. त्या सुट्टीच्या आदल्या दिवसापर्यंत ते याच्या अगदी उलट होते, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

गाडी होती 2017 सालची डॉमिनार 400. या जातीच्या गाड्यांना ‘स्पोर्ट-टूरर’ म्हणतात. म्हणजे शर्यतीच्या गाडीसारखी पोटावर झोपून चालवायची नाही आणि डिलिव्हरीच्या गाडीसारखी पावलोपावली थांबवायचीही नाही. लांबचा पल्ला वेगाने, पण पाठ न मोडता गाठायचा. आपल्याकडे सामान्य माणसाच्या आवाक्यात या धर्तीची गाडी आली ती 2003 साली, 223 सी.सी.च्या करिझ्माच्या रूपाने. डॉमिनार डिसेंबर 2016 मध्ये आली. 373 सी.सी.चे, पाण्याने थंड होणारे इंजिन, 35 अश्वशक्ती आणि 182 किलो वजन. हे आकडे मला हॉल-तिकिटाच्या क्रमांकापेक्षा जास्त पाठ होते. चोर्ल्याच्या घाटातून पणजी, आंबोलीवरून सावंतवाडी, महामार्गाने निपाणी-कोल्हापूर असे सारे प्रवास मी मनातल्या मनात करूनही टाकले होते.

विकणारा कोल्हापूरचा. किंमत एक लाख पाच हजार. बोलायला मोकळा, स्वभावाने चांगला. “बघ भावा, घासून घे, ठोकून घे, मग पैसे दे,” म्हणाला. मी एकटा न जाता आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना घेऊन गेलो. मिस्त्री कानडी; पण मराठी आपल्याइतकेच बोलतात आणि गाडीची भाषा दोन्हींपेक्षा चांगली जाणतात.

जुनी गाडी कशी पाहावी, हे मी त्या दिवशी शिकलो. सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. मिस्त्रींनी पहिल्यांदा इंजिनाला हात लावून ते गार आहे ना हे पाहिले; कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष झाकते, गार इंजिन सुरू होताना खरे बोलते. मग चेसिसवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे झालेले असू शकते, ते या आकड्यांवरून कळते. मागच्या चाकाच्या दातेरी चक्राचे दात एका बाजूला झुकून अणकुचीदार झाले असतील तर चेन आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलावी लागतात. पुढचे चाक अधांतरी उचलून हँडल सावकाश फिरवले; मध्यावर अडखळले तर बेअरिंग गेले किंवा गाडी कुठेतरी आपटली असे समजावे. पुढच्या दोन्ही नळ्यांवरून बोट फिरवून तेल लागते का, हे पाहिले. शेवटी ए.बी.एस. आहे ना, याची खात्री केली. कारण 125 सी.सी.वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते एप्रिल 2019 पासून सक्तीचे झाले, त्यापूर्वीच्या गाड्या दोन्ही प्रकारच्या आढळतात.

गाडी एकंदरीत चांगली निघाली. टायर आणि चेन-चक्रे बदलायला झाली होती, एवढेच. मी एक फेरी मारून आलो. त्या फेरीबद्दल लिहीत नाही. लिहिले तर हा लेख कथाविभागात टाकावा लागेल.

मग मिस्त्रींनी विचारले, “कागद?” गृहस्थाने सही केलेले दोन फॉर्म समोर ठेवले, 29 आणि 30. तारखेची जागा कोरी, घेणाऱ्याच्या नावाची जागाही कोरी. “नाव तुझ्या सवडीनं कर. नाही केलंस तरी अडत नाही. तुमच्या बेळगावात निम्म्या गाड्या आमच्याच पाटीच्या हैत.” मला हे औदार्यच वाटले. मिस्त्री परत येताना एवढेच म्हणाले, “नोड्री, इंजिन मी करून देतो. कागद मला करता येत नाही.”

घरी ही हकीकत सांगितली तेव्हा मामा जेवायला बसले होते. त्यांनी ताट बाजूला सारले. आमच्या घरात ‘येझदीचे प्रकरण’ या नावाने एक गोष्ट पुटपुटली जाते. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण ऐकली. मामांची येझदी म्हैसूरच्या कारखान्यातली. जिचा गिअरचा दांडाच वर फिरवून किक म्हणून मारावा लागे, ती. 2003 साली त्यांनी ती गडहिंग्लजकडच्या एका इसमाला अशाच कोऱ्या फॉर्मवर सही करून विकली. त्याने ती पुढे दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. 2006 साली मामांच्या दारात मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली. बाजारातून भाजी घेऊन चाललेल्या एका बाईला त्या येझदीने ठोकरले होते. तिचा पाय कायमचा अधू झाला. गाडीला विमा नव्हता. चालवणारा पसार. नोंदणीपुस्तकात नाव मामांचे.

“मी गाडी विकून तीन वर्षं झाली होती रे,” मामा म्हणाले, “पण कागदावर ती माझीच होती. आणि खरं सांगू? पैशांचं दुःख कधीच ओसरलं. ती बाई प्रत्येक तारखेला काठी टेकत यायची आणि वकील तिला सांगायचे, मालक कोण हे अजून ठरायचंय.”

मामांना शेवटी रक्कम भरावी लागली. आज तर याविषयी शंकेला जागाच उरलेली नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, जिथे गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली पण नोंद कुणीच बदलली नाही, असा निर्णय दिला की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. जखमी माणसाने एका खरेदीदारामागून दुसरा असे शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येत नाही, हे त्यामागचे कारण.

मामांची गोष्ट ऐकेपर्यंत मी स्वतःला संभाव्य फसवला जाणारा समजत होतो. जुनी गाडी घेताना आपण सगळेच तसे समजतो. घेणारा भोळा, विकणारा लबाड! पण नाव न बदलता गाडी चालवली असती, तर फसवणारा मी ठरलो असतो. कोल्हापूरच्या त्या मोकळ्या माणसाच्या डोक्यावर मी माझ्या प्रत्येक फेरीचा धोका ठेवला असता. आणि ज्याला मी कधी पाहिलेलेही नाही, अशा रस्त्याने चालणाऱ्या कुणाच्या तरी भरपाईची वाट अडवून बसलो असतो.

आता माझ्या मित्रांचे आक्षेप. पहिला असा, की दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिने चालवायची सवलत आहे. आहे, पण मोटार वाहन कायद्याच्या 47व्या कलमातली ती मुदत गाडीसह दुसऱ्या राज्यात राहायला आलेल्याला नवा क्रमांक घेण्यासाठी आहे, झालेला व्यवहार लपवण्यासाठी नाही. गाडी विकली की 50वे कलम लागू होते. घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचे. विकणाऱ्याने त्याच राज्यातली गाडी असेल तर 14 दिवसांत कळवायचे आणि दुसऱ्या राज्यातली असेल तर 45 दिवसांत ना-हरकत दाखला पाठवायचा. त्या दाखल्याचा फॉर्म 28 नंबरचा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. आपण सीमेवरची माणसे. आपली लग्ने कोल्हापुरात, बाजार बेळगावात, सुट्टी गोव्यात. आपल्यासाठी हा एकच मुलूख आहे. कर वसूल करणाऱ्यांसाठी तीन. कोल्हापूरची गाडी इथे आणली की कर्नाटकाचा आजीवन कर एकरकमी भरा, तिकडे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करा आणि वाट पाहा. विद्यार्थ्याला हा भुर्दंड जड जातो. ही पद्धत सुटसुटीत व्हावी, असे मलाही वाटते. पण पद्धत वाईट आहे म्हणून तिचा भार विकणाऱ्याने आणि पादचाऱ्याने वाहावा, हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

त्या रात्री मी वहीच्या पानावर हिशेब मांडला. एक लाख पाच हजारांखाली टायर, चेन-चक्रे, कर्नाटकाचा कर, विमा, आय.एस.आय. शिक्क्याची दोन शिरस्त्राणे (मागे बसणाऱ्यालाही डोके असते) आणि परिवहन कार्यालयाच्या खेपा असे लिहीत गेलो. बेरीज पाहून आईने एकच प्रश्न विचारला, “तुझं कॉलेज किती लांब रे?” नऊ किलोमीटर. बस जाते. पणजीला वर्षातून फार तर दोनदा जाणार. नऊ किलोमीटरसाठी 373 सी.सी. लागत नाहीत, हे मला तोवर सुचले नव्हते असे नाही. ते मी कुणाला विचारू दिले नव्हते.

तरीही मी कोल्हापूरला फोन केला, कारण मोह एका बेरजेने जात नाही. म्हटले, आधी ना-हरकत दाखला आणा, मग पैसे देतो. थोडा वेळ शांतता. मग कळले की नोंदणीपुस्तकात बँकेच्या कर्जाची नोंद अजून आहे. “कर्ज फिटलंय भावा, बँकेचा कागद तेवढा आणायचा राहिलाय.” म्हणजे 35 नंबरचा फॉर्म बँकेच्या सहीने दाखल होऊन ती नोंद उतरत नाही तोवर पुढचे सारे अडलेले. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला असता, तर हे पहिल्याच दिवशी दिसले असते. मी मात्र अश्वशक्ती पाठ करण्यात गुंतलो होतो.

व्यवहार मोडला. भांडण झाले नाही. “बँकेचा कागद आणतो, मग बघू,” असे तो म्हणाला. मीही “बघू” म्हणालो.

माझे म्हणणे जुन्या गाड्यांविरुद्ध नाही. आठ वर्षांची, नीट राखलेली गाडी नव्या हप्त्यांपेक्षा कितीतरी शहाणपणाची खरेदी ठरू शकते, आणि वर्षभरात पैसे साठले तर मीही घेईन, कदाचित डॉमिनारच. मात्र ती खरेदी माझ्या नावावरची असेल. ज्याला नाव बदलण्याचा खर्च परवडत नाही, त्याला ती गाडी परवडत नाही, असे समजावे. आपले महाविद्यालय दर जूनमध्ये गाडी लावण्याचे पास देते. ते देताना नोंदणीपुस्तक पाहावे, आणि नाव विद्यार्थ्याचे किंवा त्याच्या घरच्यांचे नसेल तर नोंद बदलायला एक सत्र मुदत द्यावी, अशी माझी सूचना आहे. आज ती मित्रांना आवडणार नाही. त्यांनी एकदा आमच्या घरी यावे. मामा संध्याकाळी घरीच असतात.