पाया कोण बघणार?

दिवाळीत सेनगावला गेलो होतो. घरात विषय एकच: जुनं माळवद पाडायचं आणि नवीन घर बांधायचं. अप्पांना पाहिजे स्लॅबचं 'पक्कं' घर. पुण्यातला चुलतभाऊ रोज प्रीफॅबचे फोटो पाठवतो, दीड महिन्यात चावी हातात म्हणे. मी म्हटलं, आधी आर्किटेक्टला दाखवू. त्यावर अप्पा, "तू इंजिनियर हायेस ना? मग काढ की तूच नकाशा."

घ्या! कॉम्प्युटरवाल्याला कॉलम-बीम कोण शिकवतो? पण गावात इंजिनियर म्हणजे इंजिनियर.

तर मंडळी, मला राग येतो तो या 'पक्कं' शब्दाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती होत्या, बघणाऱ्याला किल्लाच वाटावा. पण दगड मातीत रचलेले, आणि वर माळवद. माळवद गळलं की वर आणखी पांढरी माती टाकायची, त्यामुळे डोक्यावरचं ओझं वर्षानुवर्षं वाढत गेलेलं. सरकारी नकाशात किल्लारी तेव्हा झोन १ मध्ये, म्हणजे सर्वात कमी धोक्याची! तो झोनच २००२ मध्ये रद्द करावा लागला.

यातून आम्ही धडा काय घेतला? माती वाईट, सिमेंट चांगलं. बस्स. आता कोणताही मिस्त्री चार कॉलम उभे करतो आणि घर पक्कं होतं. रिंगांची टोकं १३५ अंशात आत वळवायची असतात, ती काटकोनात सोडून देतात, कारण वाकवायला वेळ लागतो. स्लॅब पडतो मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत. त्यावर आठवडाभर पाणी मारायचं कुणी? प्यायलाच नाही. २१ मार्च २०२४ ला आणि परत १० जुलैला आपल्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ चे धक्के बसले. मार्चमधल्या धक्क्यानंतर आमच्या गल्लीत सगळे रस्त्यावर, आणि चर्चा काय तर "आपलं स्लॅबचंय, काही होत नाही". गंमत म्हणजे हे बोलणाऱ्याच्या भिंतीला धक्क्याच्या आधीपासूनच तिरपी भेग होती.

ती भेग काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. अशा जमिनीसाठी रुरकीच्या सीबीआरआयने खाली फुगीर बुंध्याचे पाइल कधीच शोधून ठेवलेत. ते नको असतील तर निदान मुरूम लागेपर्यंत खोदा, प्लिंथ बीम टाका. पण हा खर्च मातीखाली जातो, पाहुण्यांना दिसत नाही. दिसतं ते पीओपीचं सीलिंग. त्याला पैसे असतात!

प्रीफॅबचं म्हणाल तर ते हलकं असतं, भूकंपात ही मोठी जमेची बाजू, मान्य. पण घर फॅक्टरीत बनलं तरी पाया आमच्याच काळ्या मातीत येणार ना? उद्या एक पॅनल खराब झालं तर ते पुण्याहून मागवायचं. भावाचं लग्न झालं, वर खोली काढायची तर? चुलतभावाला वर्षातून चार दिवस राहायचंय, त्याला ते ठीक आहे. आईला तीनशे पासष्ट दिवस राहायचंय.

आणि आर्किटेक्ट? एकाला भेटलो. त्यांनी लॅपटॉपवर सुंदर चौक दाखवला, तुळशीवृंदावनासकट. मी विचारलं, माती तपासणार का? म्हणाले, ते काम स्ट्रक्चरल इंजिनियरचं, ठेकेदार बघून घेईल. म्हणजे फिरून गाडी मिस्त्रीवरच. मी तिथून उठलो.

म्हणून माझं घरात भांडण चालू आहे ते एवढ्यासाठीच: घर कुठलंही बांधा, पण आधी खड्डा खणून माती तपासा, स्ट्रक्चरल इंजिनियरकडून सळईचं ड्रॉइंग घ्या, आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी त्याला साइटवर बोलवा. आई माझ्या बाजूने आहे, पण तिची अट आहे, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी पाहिजे. अप्पा म्हणतात, "तेवढ्या पैशात एक खोली निघते."

निघते, खरंय. अप्पा अजून हो म्हणालेले नाहीत. मिस्त्रीला ॲडव्हान्सही दिलेला नाही.