पट्टा हातात हवा

फिरायला नेलेला कुत्रा हिसडा देऊन पळतो, मालक मागे धावतो आणि बघणारे हसतात. डॉक्टर म्हणून मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. सुटलेला कुत्रा भटक्या कुत्र्यांत मिसळतो. चावतो आणि चावून घेतोही. रेबीज घरात शिरण्याची ही एक वाट आहे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य.

"आमचा मोती कुणाला चावत नाही," असे पुष्कळजण सांगतात. पण मोतीला कोण चावले, हे कसे कळणार? म्हणून माझे स्पष्ट मत आहे : रस्त्यावर पट्टा हातातच हवा आणि कुत्र्याची रेबीजची लस वेळच्या वेळी हवी.

तरीही सुटलाच, तर मागे धावू नका. त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेने चालू लागा, खाऊ दाखवून हाक मारा. परत आल्यावर मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो जवळ येणार नाही. अंगावर चावा दिसल्यास उघड्या हाताने चाचपू नका. लस दिलेली असली तरी लगेच पशुवैद्यांना दाखवा.

माणसाला चावा किंवा ओरखडा असल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातली १४ इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. लस दंडात देतात. रक्त आले असेल तर सीरमही लागते. ठरलेले सर्व डोस मात्र पुरे करा.