मोहीम कोणाची?

शोधमोहिमांचा इतिहास बहुधा निघणाऱ्याच्या नावाने लिहिला जातो. कोलंबस, वास्को द गामा, लिव्हिंग्स्टन, अमुंडसेन ही नावे शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या तोंडी बसलेली असतात. परंतु त्यांची जहाजे कोणत्या गोदीत, कोणाच्या हातून उभी राहिली, वाटेत ओझे कोणी वाहिले आणि मोहीम संपल्यावर तिची कागदपत्रे जिवापाड सांभाळणारे कोण होते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रवास आणि शोध हा या वर्षीच्या अंकाचा विषय ठरवताना हीच उणीव संपादक मंडळासमोर होती. जगातील साहसी मोहिमांमध्ये महाराष्ट्राचा, आणि विशेषतः मुंबईचा, वाटा शोधू गेल्यास तो झेंडा रोवणाऱ्यांच्या यादीत थोडा आणि घडवणाऱ्यांच्या, वाहणाऱ्यांच्या व लिहून ठेवणाऱ्यांच्या बाजूला फार मोठा आढळतो. हा वाटा दुय्यम मानण्याची सवय मोडली पाहिजे, असे प्रस्तुत अंकाचे स्पष्ट मत आहे.

आरंभ मुंबईच्या विक्रोळी उपनगरापासूनच करणे सयुक्तिक ठरेल. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून चांद्रयान-३ निघाले आणि २३ ऑगस्टच्या संध्याकाळी त्याचा ‘विक्रम’ हा अवतरक, म्हणजे पृष्ठभागावर उतरणारा भाग, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद टेकला. या यानाला वर नेणाऱ्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकाच्या मधल्या टप्प्यात ‘विकास’ नावाची दोन द्रवइंधन इंजिने होती आणि शेवटच्या टप्प्यात सीई-२० हे क्रायोजेनिक, म्हणजे अतिशीत द्रवरूप वायूंवर चालणारे, इंजिन होते. या इंजिनांच्या निर्मितीत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचा मोठा हात आहे. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये घेतलेल्या या जमिनीवर कुलपे, तिजोऱ्या आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या घडल्या, हे विक्रोळीकरांना ठाऊक असते. त्याच परिसरातून चंद्राकडे जाणाऱ्या इंजिनांचे भाग बाहेर पडतात, ही गोष्ट मात्र अजून या उपनगराच्या बोलण्यात म्हणावी तशी आलेली नाही.

या कामाची अवघड बाजू समजून घेण्यासारखी आहे. क्रायोजेनिक इंजिनात द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला आणि द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना साठवलेला असतो, तर त्याच इंजिनाच्या ज्वलनकक्षात, म्हणजे जिथे हे दोन्ही एकत्र जळतात त्या पोकळीत, तापमान ३,००० अंशांच्या वर जाते. एवढ्या उष्णतेत धातूची भिंत वितळू नये म्हणून ती दुहेरी करून मधल्या बारीक नाळ्यांतून थंड हायड्रोजन खेळवला जातो आणि भिंत गार ठेवून झाल्यावर तोच पुढे जळणासाठी कक्षात येतो. अशा रचनेत एखाद्या जोडातील केसाएवढी चीरही मोहिमेचा घात करू शकते. म्हणून जोडकाम झाल्यावर त्याचे क्ष-किरण चित्र काढले जाते. त्याखेरीज जोडावर लाल रंगाचा पातळ द्रव फासून, काही वेळाने तो स्वच्छ पुसून, वर पांढरी भुकटी फवारण्याचीही एक रीत आहे, कारण चीर असेल तर आत मुरलेला रंग बाहेर शोषला जाऊन पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ती रेघ उमटू नये एवढ्यासाठी वेल्डरने हात किती स्थिर ठेवला असेल, याची नोंद कोणत्याही मोहिमेच्या गौरवग्रंथात नसते. कन्नमवारनगर, टागोरनगर, पार्कसाईट येथून पाळीला जाणारे फिटर, टर्नर आणि वेल्डर हे या अर्थाने चांद्रमोहिमेचे सहप्रवासीच आहेत, आणि असे म्हणण्यात कोणतीही अतिशयोक्ती नाही. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरबद्दलही हेच म्हणता येईल, कारण साखर कारखान्यांच्या यंत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावात भारतीय प्रक्षेपकांच्या घनइंधन टप्प्यांची पोलादी आवरणे तयार होतात.

मुंबईच्या बाबतीत ही परंपरा नवी नाही. वाडिया घराण्यातील पारशी जहाजबांधणीकारांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. परंतु साहसाच्या इतिहासात त्याहून मोलाचे ठरावे असे गलबत मुंबईत १९६४ मध्ये तयार झाले आणि त्याची आठवण या शहराने जवळजवळ ठेवलेली नाही. ते गलबत म्हणजे ‘सुहैली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण ब्रिटिश नौका-अधिकाऱ्यासाठी मुंबईच्या सुतारांनी ते ब्रह्मी सागवानातून, वाकस आणि दोरीच्या धनुकलीने फिरणारा सामता अशा हातहत्यारांनी घडवले. जेमतेम ३२ फूट लांबीच्या या शिडाच्या गलबतातून नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून एकटा निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. एकट्याने, विनाथांबा केलेली ती जगातील पहिली सागरप्रदक्षिणा होय. ही सफर एका शर्यतीचा भाग होती आणि त्या शर्यतीत ९ जण उतरले होते. शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच. वाटेत फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले तेव्हा भर समुद्रात बुडी मारून, पाण्याखाली राहून त्याला त्या फटींत कापूस ठासावा लागला, शिडे फाटली, सुकाणूची स्वयंचलित योजना निकामी झाली; मात्र मुंबईच्या सुतारांनी उभा केलेला सांगाडा दक्षिण महासागराच्या लाटांखाली टिकला. ज्या सुतारांनी तो उभा केला त्यांची नावे या पराक्रमाच्या कथेत ऐकू येत नाहीत, आणि या अंकाच्या दृष्टीने ही त्या गौरवगाथेतील सर्वांत मोठी पोकळी आहे.

चाळीस वर्षांनंतर मात्र घडवणारा आणि निघणारा यांची नावे एकत्र घेतली जाऊ लागली, आणि याचे श्रेय व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या दृष्टीला द्यावे लागते. फलटणजवळच्या विंचुर्णी गावी निवृत्तीनंतर स्थायिक झालेल्या आवटी यांनी असा आग्रह धरला की भारतीयाने एकट्याने सागरपरिक्रमा करावी, आणि ती भारतात बांधलेल्या नौकेतूनच करावी. सागरपरिक्रमा या संज्ञेला ठरलेले निकष आहेत: किमान २१,६०० सागरी मैलांचा प्रवास, सर्व रेखावृत्तांचे व किमान दोनदा विषुववृत्ताचे उल्लंघन, आणि सुएझ वा पनामासारख्या कालव्याचा आधार न घेता केवळ शिडांच्या बळावर मार्गक्रमण. गोव्यात मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ तयार झाली, आणि तीतून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून, चार बंदरांवर थांबे घेत, १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले. एकट्याने परिक्रमा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी विनाथांबा परिक्रमा केली, तर दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीला वळसा घातला. सुहैलीच्या मूळ आराखड्यावरून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या २०१८ च्या शर्यतीसाठी टॉमी यांची ‘थुरिया’ ही नौकाही तेथेच बांधली गेली, ही बाब मुंबईच्या त्या अनाम सुतारांना मिळालेली उशिराची पावती मानावी लागेल.

घडवणाऱ्यांपेक्षाही वाहणाऱ्यांची उपेक्षा अधिक झाली आहे, आणि त्याचे सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण नाशिकचे आहे. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी अनेकांना मुंबईत उतरवून नाशिकच्या शरणपूर येथील मिशन वसाहतीत आणले जाई, जिथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने १८६४ मध्ये आपली ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट झांझिबारहून मुंबईपर्यंत ४५ दिवसांत आणली, तेव्हा तिच्यावर चुमा नावाचा एक मुलगा होता, जो पुढे मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन अखेरच्या आफ्रिका मोहिमेवर निघाला तेव्हा चुमाबरोबर शरणपूरची ९ मुलेही त्याच्या तांड्यात होती, आणि १८७२ मध्ये जी कुमक त्याच्याकडे पाठवली गेली तीत जेकब वेनराइट हा शरणपूरला शिकलेला तरुण सामील झाला. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला, तेव्हा या मंडळींनी स्वतःच्या विचाराने एक निर्णय घेतला. हृदय तेथेच झाडाखाली पुरून, देह उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत व कापडात गुंडाळून तो त्यांनी समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतराची ती वाट रोगराई, उपासमार आणि शत्रुत्वाच्या प्रदेशांतून जात होती, आणि देहाबरोबर लिव्हिंग्स्टनच्या वह्या, उपकरणे व नकाशेही सुखरूप पोहोचले. त्या झाडावर नाव व तारीख कोरणारा, दफनाच्या वेळी प्रार्थना वाचणारा आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीसोबत चालणारा वेनराइटच होता.

त्याने स्वतःची दैनंदिनीही लिहिली, हे त्याहून महत्त्वाचे. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासाविषयी युरोपीय लेखकांनी ग्रंथ लिहिले. पण मृत्यूसमयी तळावर असलेल्या आणि देह वाहून आणणाऱ्या माणसाच्या हातचा असा वृत्तांत दुर्मीळ आहे. नाशिकचा शरणपूर रस्ता आजही गजबजलेला असतो, परंतु त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव आफ्रिकेच्या शोधाशी जोडलेले आहे हे माहीत असेल, असा प्रश्न पडतो.

मराठीत या बाजूने पाहण्याचा एक मोठा पूर्वज आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळण्याच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत झाशीत अडकले आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. शोध लावण्याचा कोणताही संकल्प नसलेल्या या भिक्षुकाने १८८३ च्या सुमारास आठवणी लिहून काढल्या आणि चिंतामणराव वैद्य यांनी त्या १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापल्या, म्हणूनच झाशीच्या वेढ्याचे सामान्य माणसाच्या नजरेतून झालेले वर्णन आज उपलब्ध आहे. वैद्यांनी लिहा असे सांगितले नसते तर ते गोडसे यांच्याबरोबरच गेले असते.

म्हणून वाचकांना, विशेषतः विक्रोळी, कांजूरमार्ग आणि भांडुप येथील कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कारागिरांना व त्यांच्या कुटुंबीयांना, एक कळकळीची विनंती आहे. घरातील जुन्या नोंदवह्या, पाळीच्या डायऱ्या, कामाच्या जागेची छायाचित्रे रद्दीत घालू नयेत. गोपनीय असेल ते अर्थातच बाजूला ठेवून, कोणते काम कसे केले, ते कोणाकडून शिकले आणि कोठे चुकले, हे साध्या शब्दांत लिहून काढावे अथवा घरातील तरुणांनी त्यांच्याकडून ऐकून टिपून घ्यावे. शुद्धलेखनाची चिंता करण्याचे कारण नाही, ती जबाबदारी संपादकांची. पुढील वर्षीच्या अंकातील पाने अशा लेखनासाठी राखून ठेवली आहेत.