इंद्रधनुष्यातली जात

2015 साली मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी ‘वर पाहिजे’ अशी जाहिरात दिली. देशभर कौतुक झाले. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास प्राधान्य, असेही त्यात छापले होते. ती गंमत होती म्हणे. आम्हाला हसू आले नाही. जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी 1916 सालीच कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले होते. म्हणजे मुलाला नवरा चालेल, पण जातीतलाच हवा!

एलजीबीटी वर्तुळात जातीचा विषय काढला की ‘इथे जात नसते, चळवळ फोडू नका’ असे ऐकवले जाते. आडनाव मात्र हळूच विचारले जाते.

खरी कसोटी आरक्षणाची आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नाल्सा निकालात सांगितले. म्हणजे ओबीसीसारखा प्रवर्ग. मग मातंग किंवा बौद्ध घरातल्या ट्रान्स मुलीने काय करायचे? एससीच्या जागेवर गेली तर तिचे ट्रान्स असणे मोजले जात नाही, ओबीसीत गेली तर दलित असणे पुसले जाते. म्हणूनच तमिळनाडूच्या दलित ट्रान्स कार्यकर्त्या ग्रेस बानू समांतर आरक्षण मागतात: महिला आणि दिव्यांगांना मिळते तसे, प्रत्येक प्रवर्गाच्या आत. कर्नाटकने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत असे 1 टक्का आरक्षण दिलेही. लग्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात नामांकित वकिलांची फौज उभी राहिली. ते योग्यच होते. पण या मागणीमागे तेवढी ताकद कुणी लावली?

आणि आम्ही तरी कुठे लावली? ‘छक्का’ ही शिवी आमच्याही वस्त्यांत सर्रास चालते, कार्यकर्त्यांच्या तोंडीसुद्धा. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर लैंगिक प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. खटला हरले, पण वकीलपत्र घेताना ते कचरले नाहीत. आम्ही त्यांचेच नाव घेतो ना?

पुढच्या जयंतीची समिती बसेल, तेव्हा वस्तीतल्या त्या ट्रान्स मुलीकडे आम्ही फक्त वर्गणी मागायला जाणार, की तिला बैठकीलाही बोलावणार?