अनुदान नको, पहिली ऑर्डर द्या

स्टार्टअपचा विषय निघाला की आपल्याकडे निधीच्या घोषणा आणि फीत कापणं सुरू होतं. छोटा माणूस मोठ्यासमोर टिकतो कसा, ते आधी बघू. सरकारकडे काय मागायचं ते मग कळेल.

१. १९९० च्या दशकातलं पुणं. दहावीनंतर शिक्षण सुटलेले कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे दुकानात कम्प्युटर यायला लागले, त्यातले कितीतरी व्हायरस लागलेले. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कम्प्युटर शिकत होते. त्यांनी व्हायरसवर उतारा लिहायला घेतला आणि त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. समोर नॉर्टन, मॅकॅफी. पण काटकरांचं गिऱ्हाईक काउंटरवर उभं असायचं: मशीन बंद आहे, उद्या पगारपत्रक काढायचंय, आजच काय ते करा. ही घाई परदेशातल्या कंपनीच्या कानावर कशी जाणार? २०१६ मध्ये क्विक हील शेअर बाजारात आली.

२. मोठ्यांना अक्कल नसते असं नाही. त्यांना चालू धंदा मोडवत नाही. १९६९ मध्ये अहमदाबादचे करसनभाई पटेल सायकलवरून स्वस्त निरमा विकायला लागले. सर्फवाल्या लिव्हरला तोडीस तोड ‘व्हील’ आणायला १९८० चं दशक उजाडलं.

३. पण निरमाचं गिऱ्हाईक घरोघर होतं. पाणीगळती शोधणारं यंत्र बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक एकच: महापालिका. अशा एका निविदेचा कागद मी पाहिलाय. ‘मागील तीन वर्षांत याच स्वरूपाची तीन कामे पूर्ण केलेली असावीत.’ यंत्रच गेल्या वर्षी जन्मलंय हो! वित्तीय नियम २०१७ प्रमाणे केंद्राच्या खरेदीत स्टार्टअपना अनुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल करता येते. ‘करता येते’ म्हटलं की कारकून ती करत नाही, कारण उद्या ऑडिटचा शेरा त्याच्याच नावावर येणार. त्याला तरी काय दोष द्यायचा?

महाराष्ट्राने २०१८ पासून स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना सरकारी खात्यांत प्रयोग करायला १५ लाखांपर्यंतच्या कार्यादेशांची सोय केली. चेकचा फोटो काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मात्र प्रयोग जमला, तर पुढची खरेदी त्याच जुन्या अटींवर होता कामा नये.

४. आता पैसे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कागदावर कडक! पण ज्याच्याकडे एकच गिऱ्हाईक, तो त्याच्याविरुद्ध तक्रार करेल? २०२३ च्या अर्थसंकल्पाने आणखी एक पाचर मारली: वेळेत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदार कंपनीला ते चुकते करेपर्यंत आयकरात त्या खर्चाची वजावट नाही. खासगी कंपन्या यामुळे सावध झाल्या. सरकारी खात्याला वजावटच मागायची नसते, तिथे ही पाचर बसतच नाही.

५. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक महापालिकेने दर महिन्याला आपल्या संकेतस्थळावर यादी लावावी: कोणत्या लघुउद्योगाचं बिल, कोणत्या तारखेला आलं, किती दिवस पडून आहे, कोणत्या टेबलावर. पुरवठादाराला तक्रार करावी लागू नये. यादी आपोआप निघावी. आणि पंचेचाळिसावा दिवस उलटला की ती ओळ लाल व्हावी.